खाल्ल्या मिठाला जागतं कोण?

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही" म्हणून संपादक मंडळातला मित्र महिनाभर मागे लागला होता. कविता मला जमत नाही, प्रेमाचा अनुभव नाही, आणि 'इंजिनिअरिंगची चार वर्षं' या विषयावर दरवर्षी तीन लेख तरी येतातच. मग म्हटलं, ज्याच्यावरून आपण दिवसातून दोनदा भांडतो त्यावरच लिहावं. मेसच्या मिठावर! हसू नका. विषय दिसतो तितका अळणी नाही.

सुरुवात झाली एन.एस.एस.च्या रक्तदान शिबिरापासून. बिस्किटं, कॉफी, सर्टिफिकेट आणि प्रॅक्टिकलची हजेरी, एवढ्या चार गोष्टींसाठी मीही रांगेत उभा होतो. डॉक्टर मॅडमनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, परत भरली.

"रात्री जागला होतास का रे?"

"हो मॅडम, सबमिशन होतं."

"पंधरा मिनिटं शांत बस जरा."

पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. १५०/९६. रक्तदात्याचं वरचं प्रेशर १४० च्या आणि खालचं ९० च्या आत लागतं. मॅडम म्हणाल्या, "आज तुझं रक्त नको. आठवडाभर रोज मोज आणि मला आणून दाखव. घरात कुणाला बीपी आहे?"

मी म्हटलं, "आजोबांना आहे. पण मला तर काहीच त्रास होत नाही."

बाहेर आलो तर रूम-पार्टनर बिस्किट खात उभा. "अरे, तुझं रक्तसुद्धा बॅक राहिलं!" झालं, दोन दिवस सगळ्या विंगला विषय मिळाला.

मीही हसलो. पण रात्री झोप येईना. कारण 'मला तर काहीच त्रास होत नाही' हे वाक्य माझं नव्हतंच. ते आजोबांचं होतं. आईचे वडील. वीस वर्षं बीपी अंगावर काढलं. गोळ्या संपल्या की महिना महिना आणायचे नाहीत. आपल्याकडे पानात सगळ्यात आधी मीठ वाढतात. बाकीच्यांच्या पानातलं तसंच राहायचं; आजोबा मात्र ते संपवून आजीकडे परत मागायचे. आज ते आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जातात. पहाटेची एस.टी., चार तास मशीन, आणि दिवसाला पाणी किती प्यायचं तेही मोजून. त्यांची किडनी मिठानेच गेली असं त्यांचे डॉक्टर म्हणालेले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण 'त्रास होत नाही' या वाक्यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

मग मी वाचायला लागलो. (परीक्षा जवळ आली की अभ्यासक्रमाबाहेरचं वाचन किती गोड लागतं, हे तुम्हाला सांगायला नको.) आणि वाचता वाचता लक्षात आलं की, हे तर आपलंच पोर्शन आहे!

आधी थोडे आकडे. आपली दोन मूत्रपिंडं मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. पण हृदय जेवढं रक्त फेकतं त्यातलं सुमारे एक पंचमांश या दोघांकडे जातं, मिनिटाला एक लिटरहून थोडं जास्त. त्यातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्या गाळलेल्या पाण्यात जे सोडियम असतं ते मिठाच्या हिशोबात दीड किलोच्या आसपास भरतं. रोज! त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात खेचून घेतलं जातं, आणि आपण जेवढं मीठ खाल्लं जवळपास तेवढंच लघवीतून बाहेर सोडलं जातं. म्हणजे दीड किलोच्या व्यवहारात पाच-दहा ग्रॅमचा हिशोब जुळवायचा. आमच्या वर्कशॉपमध्ये एवढा टॉलरन्स कुणाला जमलेला मी पाहिलेला नाही.

'खाल्ल्या मिठाला जागणे' असं आपण म्हणतो ना? तर आपण खाल्लेल्या मिठाला अक्षरशः जागणारा एकच नोकर आहे. तो म्हणजे मूत्रपिंड. रात्रंदिवस जागतो बिचारा.

आता मीठ आणि प्रेशरचा संबंध. हॉस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून पाणी येतंय, खालच्या पाइपमधून जातंय. येणारं पाणी म्हणजे आपण खाल्लेलं मीठ (आणि त्याच्यामागोमाग प्यायलेलं पाणी), टाकीची लेव्हल म्हणजे रक्ताचा दाब, आणि खालचा पाइप म्हणजे मूत्रपिंड. उदाहरण ढोबळ आहे, फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांनी क्षमा करावी. वरचा नळ मोठा केला तर काय होईल? लेव्हल चढेल. किती? जाणारं पाणी येणाऱ्या पाण्याएवढं होईपर्यंत. त्याआधी ती थांबूच शकत नाही. आणि खालचा पाइप अर्धा चोंदला असेल, तर तेवढंच पाणी बाहेर काढायला लेव्हल आणखी वर चढावी लागेल.

शरीरातही असंच असतं. प्रेशर वाढलं की मूत्रपिंड जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतं. मूत्रपिंडाकडचा दाब ५० वर आला तर लघवी जवळजवळ थांबते. २०० वर नेला तर ती नेहमीच्या सहा ते आठ पट होते. ही मांडणी आर्थर गायटन या अमेरिकन शास्त्रज्ञाची. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावी त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं. १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताभिसरणाचा एक ब्लॉक डायग्रॅम प्रसिद्ध केला. त्यात साडेतीनशेहून जास्त ब्लॉक आहेत! गेन आहेत, इंटिग्रेटर आहेत, फीडबॅक आहेत. डॉक्टर लोक त्याच्याकडे बघून घाबरतात म्हणे. आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोराला मात्र घरी आल्यासारखं वाटेल. गायटन यांना पोलिओ झाला होता, त्यामुळे सर्जन व्हायचं राहिलं. मग या माणसाने जॉयस्टिकवर चालणारी मोटरची व्हीलचेअर बनवली. म्हणजे अर्धा इंजिनिअरच की!

गायटन यांचं म्हणणं असं की, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचा हा लूप इंटिग्रल कंट्रोलरसारखा आहे. शिल्लक मीठ-पाणी साठत राहतं आणि एरर शून्य होईपर्यंत काम चालू राहतं. कंट्रोल सिस्टीमच्या भाषेत, अनंत गेन. सगळ्यांनाच हे पूर्ण मान्य आहे असं नाही. रक्तवाहिन्यांतला बिघाड आधी होतो असं मानणारेही शास्त्रज्ञ आहेत आणि वाद चालू आहे. पण मूत्रपिंडाला वगळून कायमचा वाढलेला रक्तदाब समजावून सांगणं अवघड आहे, एवढं नक्की. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीला चिमटा लावून रक्तप्रवाह कमी केला. कुत्र्यांचं बीपी चढलं आणि चढलेलंच राहिलं. चिमटा मूत्रपिंडाला, प्रेशर सगळ्या अंगाचं!

मग तुम्ही विचाराल, सगळेच खारट खातात, सगळ्यांचं बीपी का वाढत नाही? खरी गंमत इथेच आहे.

निरोगी मूत्रपिंडात हा पाइप साधा नाही. त्याला व्हॉल्व्ह आहे, आणि तो आपोआप उघडतो. आपण मीठ जास्त खाल्लं की मूत्रपिंड रेनिन नावाचं रसायन कमी सोडतं. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारं आणि मीठ धरून ठेवणारं सगळं खातं थंडावतं. मूत्रपिंडातल्या बारीक धमन्या सैलावतात, रक्तप्रवाह टिकतो किंवा थोडा वाढतो, जास्तीचं मीठ बाहेर जातं. लेव्हल फारशी हलतच नाही. पण काही लोकांत हा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही. त्यांना 'सॉल्ट-सेन्सिटिव्ह' म्हणतात. १९९१ साली अमेरिकेत कॅम्पेसे आणि सहकाऱ्यांनी बीपीच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की, अशा लोकांना जास्त मीठ दिल्यावर मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह वाढायच्या ऐवजी घटतो, आणि गाळणीच्या आतला दाब मात्र वाढतो. प्रवाह कमी, दाब जास्त. दहावीला नेफ्रॉनची आकृती काढली होती आठवतंय? त्यातला तो केशिकांचा गुच्छ. रोज थोडा थोडा जास्त दाब तो सोसतो. सोसता सोसता एखादा गुच्छ वाळून जातो. मग त्याचं काम उरलेल्यांवर, त्यांच्यावर आणखी दाब, ते आणखी वाळतात. हा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे, आणि तो कुठे नेतो ते आपल्याला पहिल्याच युनिटमध्ये शिकवतात. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. गेलेला परत येत नाही. आणि दुखत काहीच नाही!

हा गुण मूत्रपिंडात असतो हे कशावरून? अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत लुईस डाल यांनी मिठाने बीपी चढणाऱ्या आणि न चढणाऱ्या उंदरांचे दोन वेगळे वंश तयार केले. मग १९७० च्या दशकात त्यांच्या मूत्रपिंडांची अदलाबदल केली. बीपी मूत्रपिंडाबरोबर गेलं! सेन्सिटिव्ह उंदराचं मूत्रपिंड ज्याला बसवलं त्याचं प्रेशर चढलं.

माणसांत असे किती? वाइनबर्गर यांच्या १९८६ सालच्या अभ्यासात, बीपी नॉर्मल असलेल्यांपैकी २६ टक्के आणि बीपी जास्त असलेल्यांपैकी ५१ टक्के लोक सेन्सिटिव्ह निघाले. ते लोक अमेरिकेतले होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्या विंगला लावू नका. पण आपल्यातला कोण त्या गटात आहे हे सांगणारी सोपी, रोजच्या वापरातली टेस्ट नाही. कपाळावर लिहिलेलं नसतं. मला वाटत होतं मी त्यात नाही. आजोबांनाही तसंच वाटत होतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. 'माझं बीपी नॉर्मल आहे, मला मीठ चालतं' हा युक्तिवाद इंजिनिअरने तरी करू नये. क्लोज्ड लूपमध्ये आउटपुट नॉर्मल दिसतो म्हणजे लोड नाही असं नसतं. आउटपुट नॉर्मल ठेवायला आत कुणीतरी राबत असतो. स्टॅबिलायझर जळेपर्यंत बल्ब एकसारखाच उजेड देतो ना?

आता येऊ मेसवर. एका संध्याकाळी मी मेसच्या काकांना विचारलं, "काका, रोज मीठ किती लागतं?"

"का रे बाबा? खारट झालं का आज?"

"नाही हो, असंच. जर्नलसाठी."

जर्नल म्हटल्यावर त्यांना दया आली असावी. दोन दिवसांत एक एक किलोचे पाच पुडे, असं ते म्हणाले. जेवणारी पोरं साधारण २६०. करा भागाकार. माणशी साडेनऊ ग्रॅमच्या वर! त्यातलं थोडं खरकट्यात जातं हे मान्य. पण बाहेरून येणारे पापड, लोणचं, टपरीवरचा वडापाव, फरसाण आणि रात्री दोन वाजता किटलीत शिजवलेल्या नूडल्स यात धरलेल्याच नाहीत. त्या नूडल्सच्या पुड्यावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणा, मिठाचा आकडा मिळेल. माझ्या हातातल्या पुड्याचं उत्तर दोन ग्रॅमच्या वर आलं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सरासरी ८ ग्रॅम निघाली. आपण मेसवाले त्याच्याही पुढे. आणखी एका मापाने सांगतो. दवाखान्यात सलाईनची एक लिटरची बाटली लावतात, त्यात ९ ग्रॅम मीठ असतं. आपण रोज एक बाटली लावून घेतो. फक्त तोंडावाटे.

मीठ कमी केल्याने खरंच फरक पडतो का? २००१ साली अमेरिकेत ४१२ लोकांवर प्रयोग झाला. जेवण त्यांनीच शिजवून दिलं आणि मीठ तीन पातळ्यांवर ठेवलं, प्रत्येक पातळी तीस दिवस. नेहमीचं अमेरिकन जेवण जेवणाऱ्यांत सगळ्यात जास्त मिठावरून सगळ्यात कमी मिठावर आल्यावर वरचं प्रेशर सरासरी ६.७ ने उतरलं. म्हणजे जवळपास एका गोळीइतकं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फार कमी मीठ खाणाऱ्यांनाही धोका असतो असं सांगणारे मोठे अभ्यास २०१४ साली आले. त्यांची मीठ मोजण्याची पद्धत बरोबर नव्हती अशी टीका त्यांच्यावर झाली. किती खाली जावं यावर भांडण आहेच. पण ज्याचं बीपी चढलेलं आहे त्याने खारट कमी खावं, यावर भांडण नाही. उन्हात राबून घामाघूम होणाऱ्याची गोष्ट वेगळी. आपण घाम फक्त व्हायव्हाच्या वेळी गाळतो.

माझं दुसरं आणि मुख्य म्हणणं असं की, हा प्रश्न 'ज्याचं त्याने बघावं' असा नाही. घरी आईला सांगता येतं, "आई, भाजीत मीठ कमी घाल." इथे २६० जणांचं मीठ एक माणूस, एका मुठीने, एका पातेल्यात घालतो. वरणातलं मीठ मी काढून कसं टाकू? म्हणजे निर्णय मेस कमिटीचाच हवा. 'अळणी जेवण कोण खाणार?' असं कमिटीतले मित्र म्हणतीलच. मी अळणी मागतच नाही. माझ्या मागण्या चार आहेत, आणि चारही फुकट किंवा स्वस्त.

एक, टेबलावरची मिठाची वाटी उचलून काउंटरवर ठेवा. ज्याला हवं त्याने उठून घ्यावं. आपला आळस पाहता निम्मं काम तिथेच होईल!

दोन, पापड-लोणचं मागेल त्यालाच. न मागता ताटात पडतं म्हणून आपण खातो.

तीन, मीठ मुठीने नको, मापाने. आणि दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं कमी. जीभ काही आठवड्यांत सरावते. एकदम कमी केलं तर आंदोलन होईल. हळूहळू केलं तर कुणाला कळणारही नाही.

चार, रेक्टर सरांच्या ऑफिसात बीपीचं एक मशीन. सत्रातून एकदा सगळ्यांनी मोजायचं, आणि सर, तुम्हीसुद्धा! स्टाफचं जेवणही त्याच पातेल्यातून येतं.

दोन गोष्टींची सावधगिरी. सैंधव किंवा गुलाबी मीठ घेतलं की सुटलो असं समजू नका, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. आयोडीनवालं सोडू नका, फक्त कमी करा. पोटॅशियमवालं 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं आणि त्याचा उपयोगही दिसलाय. चीनमधल्या ६०० खेड्यांत केलेल्या मोठ्या प्रयोगात, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण ज्याचं मूत्रपिंड आधीच दुखावलंय त्याला ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आजोबांसाठी ते मी नेलं नाही. आणि कुणाला गोळ्या चालू असतील तर हा लेख वाचून बंद करू नका. प्लीज.

माझं काय झालं? आठवडाभराची सरासरी १३८/८८ आली. क्रिएटिनिन आणि लघवी, दोन्ही तपासण्या ठीक. मॅडम म्हणाल्या, "काठावर आहेस. मीठ कमी कर, झोप वाढव, दोन महिन्यांनी ये." दोन महिन्यांनी १२८/८२. हे मिठाने झालं असं मी ठामपणे म्हणणार नाही. सबमिशन संपलं होतं आणि सॅम्पल साइज एक आहे. एवढी स्टॅटिस्टिक्स मलाही येते (पहिल्या नाही, दुसऱ्या अटेम्प्टला).

सुट्टीत आजोबांकडे गेलो होतो. जेवताना आजीने सवयीने मिठाची वाटी हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. आजोबा माझ्या पानाकडे बघत होते. मी वरून मीठ घेतलं नाही. ते म्हणाले, "तुला लवकर कळलं रे." एवढंच. पुढे आम्ही क्रिकेटवर बोललो.

मित्रांनो, तो जागणारा नोकर पगार मागत नाही, संपावर जात नाही, कुरकुरतही नाही. तो एकदम राजीनामाच देतो. त्याच्यावरचं काम थोडं कमी करणं आपल्याच हातात आहे. पटलं तर मेस कमिटीच्या पुढच्या मीटिंगला या. आणि पटलं नाही तरी या, भांडायला. पापड माझ्याकडून. एकच!

– एक मेस-मेंबर, तृतीय वर्ष (इन्स्ट्रुमेंटेशन)